नळदुर्गचे ‘आपलं घर’

तुळजाभवानीचे दर्शन झाले की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्गही पाहा. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहून मुले हरखतील. पण किल्ला पाहून लगेच एस.टी. पकडू नका. इथेच ‘आपलं घर’ आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे किल्लारी, सास्तूर भागात भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. गावोगावहून धान्य, कपडे आले. पण आईबाप गमावलेल्या लेकराला महिनाभराची भाकरी पुरत नाही. ते वाढवायला वर्षे लागतात. हे ओळखून पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी इथे घर उभारले. राहणे, जेवण, शिक्षण सारे तिथे मिळू लागले. भूकंपातली मुले मोठी झाली, पण दार मिटले नाही. पुढे इतर निराधार मुलांनाही आसरा मिळाला.

आपल्याकडे रास झाली की देवाचा नि बलुतेदाराचा वाटा आधी निघे. तसाच पायलीभर वाटा अशा घरासाठी काढा. नेण्याआधी काय हवे ते विचारा. सणाला गोडधोड सगळेच नेतात, वह्या-पुस्तके जूनमध्ये लागतात. आणि कोणाही लेकराला “तुझे आईबाप कसे गेले?” असे विचारू नका. शाळेत काय शिकलास, एवढे विचारा. पाहुण्याने घरी आल्यासारखे वागावे, म्हणजे ते घर राहते.