न दिसणारा शत्रू

मुलांनो, मी सहावीत असताना नौदल सप्ताहात आमची सहल मुंबईला युद्धनौका बघायला गेली होती. केवढी ती नौका! करड्या रंगाची, आमच्या चाळीहून उंच. तोफेवर हात ठेवून मी ऐटीत म्हणालो, "हिला कोण बुडवणार?" शेजारचे खलाशीकाका मालवणकडचे होते. हसून म्हणाले, "बाळा, जो दिसत नाही ना, तो!"

त्यांचं बोलणं मला कळलं ते खूप वर्षांनी, दीवला. तिथे समुद्राकडे तोंड करून 'खुकरी'चं स्मारक आहे. काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती ठेवलीय.

गंमत बघा, (गंमत तरी कसली म्हणायची!) पाणबुड्या शोधून बुडवणं हेच खुकरीचं काम होतं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री ती आणि तिची जोडीदार 'किरपाण' दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी शोधत होत्या. पण त्या 'हंगोर' पाणबुडीनेच त्यांना आधी हेरलं. पाण्यात आवाज फार दूर जातो. जहाजाची इंजिनं, पंखे सगळे गोंगाट करतात. पाणबुडी मात्र बॅटरीवर गुपचूप चालते आणि नुसता कान देऊन बसते. जहाजाचं सोनार आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं खरं, पण समुद्रात गरम आणि गार पाण्याचे थर असतात, त्यांत तो आवाज वाकतो. म्हणजे लपाछपीत ज्याच्यावर राज्य, त्याच्याच पायांत घुंगरू!

टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही.

पाचच दिवस आधी, ४ डिसेंबरच्या रात्री, उलटं घडलं होतं. आपल्या क्षेपणास्त्र नौका इतक्या चिमुकल्या, की कराचीच्या वाटेवर त्यांना काही अंतर दोराने ओढून न्यावं लागलं. त्यांनी 'खैबर' ही मोठी विनाशिका बुडवली. खैबरवरच्या लोकांना वाटलं, विमान आलं! आज ब्राह्मोससारखं क्षेपणास्त्र सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर जातं. पृथ्वी गोल असल्यामुळे, लाटांलगत येणारं क्षेपणास्त्र जहाजावरच्या रडारला पंचवीस-तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. करा बरं हिशोब. जेमतेम अर्धं मिनिट! तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि पाडायचंही.

४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. करायलाच हवा. पण ९ डिसेंबर आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतो? मलाही दीवला जाईपर्यंत नव्हता.

माझी मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती. मग विचारलंन्, "बाबा, ही माणसं झोपायची कुठे?"

मी बोट दाखवलं. खालच्या डेकवर, पाण्याच्या अगदी जवळ.