गार्डकाकांचा ट्रान्झिस्टर

गडचिरोलीतल्या एटापल्लीत आमच्या शेजारी एक फॉरेस्ट गार्ड राहायचे. त्यांच्या सपरीत पहाटे सहाच्या आत ट्रान्झिस्टर लागायचा. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. आकाशवाणीची ती धून संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा काकांचा दंडक. नागपूर केंद्र धड लागायचं नाही, त्यामुळे मधूनमधून खरखर. ‘‘कोनी रडून राह्यला का गाऊन राह्यला, समजत नाई बाबू,’’ असं काका म्हणायचे. रात्री पलीकडच्या पाड्यावर ढोल वाजून माडियांची रेला गाणी सुरू झाली की आमच्याकडे खिडक्या लावल्या जायच्या. अभ्यास असे ना! काका मात्र कंदील घेऊन तिकडे जायचे.

अकरावीला मी नागपूरला निघालो तेव्हा त्यांनी तो ट्रान्झिस्टरच माझ्या पिशवीत घातला. ‘‘तिकडं करमनार नाई तुले.’’ दुसऱ्या वर्षी मेसचे पैसे थकले आणि मी तो सीताबर्डीवर विकला. ‘‘बराबर वाजते ना?’’ काका दर सुट्टीत विचारायचे. मी मान हलवायचो.

ती धून वॉल्टर काउफमान यांची, हे फार उशिरा कळलं. युरोपातल्या कार्ल्सबादला 1907 साली जन्मलेले हे ज्यू संगीतकार नाझींच्या सावटातून निघून 1934 मध्ये मुंबईत आले. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत मावेल एवढं संगीत: तीन-चार वाद्यं, कंडक्टर नाही, श्रोते हाकेच्या अंतरावर. आपण त्याला बैठकच म्हटलं असतं. आपलं संगीत त्यांना आधी परकंच वाटलं होतं. पण हा माणूस ते पुन्हापुन्हा ऐकत राहिला, आणि 1936 च्या सुमारास शिवरंजनीच्या सुरांतली ती धून झाली. व्हायोलिन मेहली मेहतांचं, कंडक्टर झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं म्हणतात.

खरा चटका पुढे बसला. काउफमान यांनी 1941 मध्ये गोंड आणि बैगांच्या गाण्यांवर लेख लिहिला होता, 1960 मध्ये पहाडी माडिया आणि मुरियांच्या गाण्यांवर. पहाडी माडिया म्हणजे अबुझमाडचे, आमच्या पूर्वेच्या डोंगरांपलीकडचे. कार्ल्सबादच्या माणसाने जी गाणी स्वरलिपीत उतरवायच्या लायकीची मानली, त्यांच्यासारख्याच गाण्यांवर आम्ही खिडकी लावत होतो.

टोरांटोच्या एआरसी आँसाम्बलने 2020 मध्ये काउफमान यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. ती फोनवर घेऊन मी काकांच्या सपरीत गेलो. अकरावं स्ट्रिंग क्वार्टेट लावलं: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. शेवटचा सूर विरेपर्यंत काका बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘याच्यात खरखर नाई.’’

मी फोन खिशात घातला.

‘‘अन् मायावाला कितीले इकला होता रे?’’