गिऱ्हाइकाचा अनुशय

माझा पुतण्या संगणकावर संकेतस्थळें तयार करून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय करतो. आमच्या सोलापुरच्या घरांतील माडीवरची खोली हेंच त्याचें दुकान. गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास आपल्या चादरींच्या कारखान्यासाठीं संकेतस्थळ हवें होतें. मींच दोघांची गांठ घालून दिली. पुतण्या रीतीप्रमाणें करारपत्र काढूं लागला, तेव्हां मीं त्याला आवरलें. "अरे, तो माझा विद्यार्थी. त्याची सही काय घ्यायची?" माझ्या शब्दाखातर त्यानें कागद मिटून ठेवला.

पुढें जें झालें तें सांगावयास मला संकोच वाटतो. पहिला आराखडा पसंत पडला. आठ दिवसांनीं गिऱ्हाइकाच्या बंधूंना रंग आवडेना. मग मेहुण्यांनीं मुंबईस दुसऱ्याच कोणाचें संकेतस्थळ पाहिलें व तसेंच हवें असा निरोप आला. रात्रीं अकरा वाजतां फोन येत. दीड महिन्याचें काम चार महिने चाललें, आणि पैशाचा विषय निघाला कीं "घरचेंच काम आहे, होईल" हें उत्तर ठरलेलें. पुतण्या मला एका शब्दानेंहि बोलला नाहीं. परंतु जेवतांना माझ्याकडे पाहीनासा झाला. नातीची फी भरण्यासाठीं सूनबाईंनीं आपली शिल्लक मोडल्याचें कळलें, त्या दिवशीं मला घास गिळवेना.

आमच्या धर्मशास्त्रकारांस गिऱ्हाइकाची पारख चांगली होती. मनुस्मृतींत दाव्यांचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत वेतनादान म्हणजे ठरलेलें वेतन न देणें हें एक, आणि क्रयविक्रयानुशय म्हणजे सौद्यानंतरचा पश्चात्ताप हें दुसरें. कौटिल्यानें तर स्थळ, काळ व काम ठरवूनच कारागिरानें कामास लागावें असें म्हटलें आहे. वेळ टळल्यास चौथाई वेतन कापावें, असेंहि. हें सारें मीं वाचलेलें होतें; घरांत मात्र उपयोगीं आणलें नाहीं.

अखेर मी स्वतः कारखान्यांत गेलों. जॅकार्ड मागावर चादर विणली जात होती. त्या मागावर वेलबुट्टी उतरते ती भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून. मीं विचारलें, "पुठ्ठे कापून झाल्यावर व्यापारी म्हणाला, फुलाऐवजीं मोर हवा, तर?"

"तर नव्या पुठ्ठ्यांचे पैसे आधीं घेतों, सर," तो म्हणाला, आणि एकाएकीं गप्प झाला.

"त्या पोरानें तुझे पुठ्ठे चार वेळां कापले," एवढेंच मी बोललों.

आठवड्याभरांत पैसे आले. तो लबाड नव्हता. पुठ्ठ्याची मेहनत त्याच्या डोळ्यांस दिसे. पडद्यावरचें काम बोट लावतांच बदलतें, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पुष्कळशीं अवघड गिऱ्हाइकें अशींच असतात.

आतां पुतण्याचे नियम पक्के आहेत. काय करावयाचें तें आरंभींच लिहावयाचें; एक तृतीयांश रक्कम आगाऊ; दोन फेरफार विनामूल्य, पुढील प्रत्येकास वेगळा आकार; गिऱ्हाइकाच्या बाजूनें बोलणारा माणूस एकच; आणि पूर्ण रक्कम पोहोंचल्यावरच संकेतस्थळ स्वाधीन. त्यानें सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारदरबारीं नोंदणीहि केली आहे. तिला पैसे पडत नाहींत. २००६ च्या कायद्यानें अशा उद्योगाचें देणें लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढें लांबवितां येत नाहीं. लांबविल्यास रिझर्व बँकेच्या दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. हा कायदा दाखविण्याची पाळी त्याच्यावर अद्याप आलेली नाहीं. लिहिलेला कागदच बहुतेक वेळां पुरतो.

स्नेह्याची सही मागणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें, असें मी जन्मभर मानीत आलों. परंतु त्या चार महिन्यांत न लिहिल्यामुळेंच विद्यार्थी दुरावत होता, आणि पुतण्याहि.

परवां माझा दुसरा एक विद्यार्थी असेंच काम घेऊन आला. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. मींच उठून फडताळांतील करारपत्र काढलें आणि त्याच्यापुढें ठेवलें.