तिफण, बासरी आणि जेथ्रो टल

जेथ्रो टल नावाचा माणूस या बँडमध्ये कधीच नव्हता. तो इंग्लंडमधला शेतकरी. १७०१ च्या सुमारास त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र तयार केलं, एका वेळी तीन ओळी पेरणारं. बँडचा आणि त्याचा संबंध एवढाच, की १९६७-६८ मध्ये ही पोरं लंडनच्या क्लबांमध्ये दर आठवड्याला नवं नाव लावून वाजवायची. जुन्या नावानं कुणी परत बोलवत नव्हतं. एजंटांपैकी एकाला इतिहासाची आवड होती, त्यानं हे नाव सुचवलं. त्या नावानं वाजवलेला कार्यक्रम क्लबवाल्यांना आवडला आणि नाव चिकटलं. पहिल्या रेकॉर्डवर तर तेही चुकीचं छापलं होतं, 'जेथ्रो टो'.

कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षी, अंबाजोगाईत खोली करून राहत असताना, मी पेरणी अवजारांच्या नोट्ससाठी हे नाव यूट्यूबवर टाकलं. लांब कोटातला, केस पिंजारलेला एक माणूस एक पाय उचलून बासरी वाजवत होता. वाजवता वाजवता बासरीत गुरगुरत होता, ओरडत होता, मध्येच खाकरत होता. दिवसाच्या दीड जीबीतला उरलेला सगळा डेटा त्या रात्री त्याच्यावर गेला.

तो इयन अँडरसन. १९६७ मध्ये त्यानं आपली इलेक्ट्रिक गिटार देऊन टाकली आणि बदल्यात एक बासरी आणि माइक घेतला, कारण एरिक क्लॅप्टनएवढी गिटार आपल्याला कधीच जमणार नाही हे त्याला कळलं होतं. मला हा हिशोब फार आवडतो. आपल्याकडे बासरी म्हटलं की गोडवा, मोरपीस, तिरका उभा राहिलेला कृष्ण. हाही एका पायावरच उभा, पण त्याच्या बासरीत धाप आहे. औतावरचा माणूस तासाच्या शेवटी बैलं वळवताना जो आवाज काढतो, तसला.

आमच्या चुलत्यांना मी 'लिव्हिंग इन द पास्ट' ऐकवलं होतं. १९६९ चं गाणं, पाच मात्रांचं. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मांडीवर बोटं धरली, दोन आवर्तनं गप्प बसले आणि म्हणाले, "आगं, हे पाचात हाय की! अर्धा झपताल." मग गाणं संपेपर्यंत वाजवत राहिले.

'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) मात्र त्यांना झेपलं नाही. एकच गाणं, त्रेचाळीस मिनिटांच्या वर, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. शब्द म्हणे आठ वर्षांच्या पोरानं लिहिलेली कविता, आणि कव्हर म्हणजे त्या पोराच्या गावचं बारा पानी वर्तमानपत्र. पोरगं खोटं, गाव खोटं, बातम्या खोट्या. सगळी थट्टा, आणि तरी संगीत अस्सल. मला ते ऐकताना अंबाजोगाईच्याच दासोपंतांची पासोडी आठवते. लांबच लांब कापडावर अख्खं पंचीकरण लिहून काढणारा माणूस आणि हा, दोघांनाही पान पुरत नव्हतं. (तुलना ओढून ताणून आहे, माहीत आहे. पण त्या गावात राहून ती टाळता येत नाही.)

पण माझा खरा अल्बम 'हेवी हॉर्सेस', एप्रिल १९७८ चा. कव्हरवर अँडरसन दोन धिप्पाड घोडे घेऊन उभा आहे. ट्रॅक्टर आल्यावर दावणीवरून हललेल्या, नांगराच्या आणि ओझ्याच्या घोड्यांना तो अर्पण केलाय. त्याच नावाचं गाणं नऊ मिनिटांचं आहे. त्यात तो घोड्यांच्या जाती नावानं घेतो, आपण खिलार, देवणी म्हणावं तशा. आणि म्हणतो की कधीतरी तेल संपेल, तेव्हा तुमची आठवण होईल.

आमच्या घरी शेवटची जोडी होती तोवर ती वर्षातले सहा महिने घरी नसायचीच. दसरा झाला की अण्णा, आई आणि बैलं टायरच्या गाडीसकट साखर कारखान्याला. मी आजीजवळ. मुकादमाची उचल फिटेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आसपासपर्यंत, कोपीत संसार. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री काट्यावर नंबर लावून उभं राहायचं. मग एका वर्षी अण्णांनी जोडी विकली. पुढल्या हंगामापासून ट्रॅक्टरच्या टोळीत गेले.

या गाण्याचे शब्द मी आईला मराठीत सांगितले, तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "सुटली बिचारी. चढाला गुडघे टेकायची. तुझ्या त्या गाणंवाल्यानं कधी भरली गाडी हाकलीय का?"

हाकली नसावी. त्यानं त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये जमीन घेतली होती, पुढं सामन माशांची शेतीही केली. त्याचं प्रेम खरं आहे, पण ते बांधावरून बघणाऱ्याचं प्रेम आहे. कासरा ज्याच्या हातात असतो त्याला बैलाची दया आणि बैलाचा राग एकाच वेळी येतो, आणि तो राग या गाण्यात नाही. मला हे दिसतं, तरीही पाचव्या मिनिटानंतर व्हायोलिन वर चढतं तेव्हा माझ्या पोटात कालवतं. दोन्ही खरं आहे. आईशी मी वाद घातला नाही.

त्याच अल्बमात उंदीर पकडणाऱ्या मांजरावर एक गाणं आहे. ज्वारीची कणगी ज्यांच्या घरात आहे त्यांना ते लगेच पटेल.

पुढं १९८४ मध्ये यांनी 'अंडर रॅप्स' काढला, त्यात ड्रमवाल्याला काढून मशीन बसवलं. तो अल्बम मी एकदा ऐकला, पुरे झाला.

हे लोक मुंबईत वाजवून गेलेत. २९ नोव्हेंबर २००८ ला अनुष्का शंकरबरोबर त्यांचा कार्यक्रम होता. २६ तारखेला हल्ला झाला, कार्यक्रम रद्द करावा लागला. तेव्हा परत न फिरता ५ डिसेंबरला त्यांनी हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. अँडरसननं आता पंचाहत्तरी ओलांडलीय, आवाज बसलाय, नवे अल्बम काढणं चालूच आहे. तिकीट काढून त्याला ऐकायचं माझ्या नशिबी आहे का, सांगता येत नाही.

अण्णांना गाण्यांपेक्षा नावातच रस. त्या इंग्रजाच्या यंत्राचं चित्र मी त्यांना दाखवलं. पेटी, खाचा पाडलेला फिरता दांडा, खाली नळ्या. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिलं. "म्हणजे तिफणच की. पण मूठ कुणाची?" आमच्या तिफणीला चाडं असतं. त्यात मुठीनं बी सोडायचं, ना दाट ना पातळ, चालीच्या लयीत. आमच्याकडे चाड्यावर आईच असायची. टलनं ती मूठ काढून तिथं दांडा बसवला, खरा शोध तो. बाकी तिफण आपल्याकडे केव्हाची आहे! १७९५ मध्ये हॅलकॉट नावाच्या इंग्रज कप्तानानं दक्षिणेतल्या अशा पेरणीबद्दल कौतुकानं लिहून ठेवलंय. धरमपाल यांच्या १९७१ च्या पुस्तकात ते वाचायला मिळतं.

यंदा पोळ्याला आम्ही बाजारातून मातीची जोडी आणली. आईनं तिला हळद लावली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. संध्याकाळी गोठ्यात, जिथं आता खताची पोती असतात, अण्णा मोबाइल घेऊन बसले होते. गाणं त्यांनी स्वतःच लावलं होतं. आवाज बराच मोठा होता. आईनं आतून विचारलं, "घोड्याचंच का?"

"हां," अण्णा म्हणाले. तिनं आवाज कमी करायला सांगितलं नाही.