पिन बसली म्हणून

आमच्या नागपूरच्या घरात एक खण आहे. त्यास घरातील मंडळी चार्जरांचा खण म्हणतात. वस्तुतः तो एक अनाथाश्रम आहे. ज्यांचे मोबाइल केव्हाच मोडीत गेले असे चार्जर, एका दिवंगत रेडिओचा जडशीळ अॅडॉप्टर, जुन्या लॅपटॉपची काळी वीट, आणि ज्यांचे कुलगोत्र आता कोणासच सांगता यावयाचे नाही अशा दहाबारा वायरी तेथे एकमेकींच्या गळ्यात गळा घालून पडलेल्या असतात. टाकून देण्याचा धीर होत नाही. 'कधी तरी लागेल' हे वाक्य मध्यमवर्गीय घरात वेदवाक्यासारखे मानले जाते, आणि आम्हीही त्याचे निष्ठावंत उपासक होतो. परंतु गेल्या वैशाखात ही निष्ठा आम्हांस फार महाग पडावयाची होती.

आईच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही अल्लीपुरास गेलो होतो. हिंगणघाट तालुक्यातले हे आमचे मूळ गाव. काळी जमीन, कापूस, तूर, आणि वैशाखात ४५ अंशांपुढे जाणारा पारा. वर्णन एवढे पुरे. आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या आम्ही २०११ साली ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. चाळीसएक ओव्या असतील. मध्येच ती थांबते, 'पुढचं आठवत नाही बाबू' म्हणते आणि हसते. तेही त्यात आहे. हे सारे एका हार्ड डिस्कवर होते, आणि दुसरी प्रत नव्हती. ती डिस्क आम्ही भावाबहिणींस ऐकविण्यासाठी सोबत नेली, आणि तिचा अॅडॉप्टर मात्र नागपुरासच राहिला.

पण जुन्या लॅपटॉपची ती वीट पिशवीत होती. तिची पिन लावून पाहिली, ती चपखल बसली. बारावीत शिकणारा पुतण्या जवळच होता. तो म्हणाला, "काका, त्याच्यावर काय लिहिलं आहे ते पाहिलं का?" आम्ही म्हणालो, "बसली ना? मग झाले." बटण दाबताच बारीकसा 'टक्' असा आवाज झाला, विटेवरचा हिरवा दिवा लुकलुकून विझला आणि जळक्या वासाची एक रेघ खोलीभर पसरली. कोणी काही बोलले नाही. वहिनी ओट्यावरून विचारत होत्या, "लाइन गेली का?" लाइन गेली नव्हती.

आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. कवितेच्या एकेका शब्दावर अख्खा तास घेण्यात आमची तीस वर्षे गेली. आणि अॅडॉप्टरवर छापलेल्या दोन ओळी वाचण्यास आम्हांस अर्धे मिनिट सापडले नाही. डिस्कला हवे होते १२ व्होल्ट; विटेवर स्पष्ट छापले होते १९.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या एका दुरुस्तीवाल्या तरुणापुढे आम्ही विद्यार्थ्यासारखे बसलो. तो म्हणाला, "सर, पिन बसली म्हनून वोल्ट जुळत नसते. दुसऱ्याच्या कुलपात आपली किल्ली बसली, तर घर आपलं होते का?" मग त्याने व्होल्ट आणि अँपिअर यांतला भेद जसा सांगितला तसा आम्हांस कोणत्याही पुस्तकात आढळला नव्हता. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची; ती यंत्रास सांगितली असेल तेवढीच हवी, कारण जास्त उंचीचा दाब नळ फोडतो. अँपिअर म्हणजे टाकी किती पाणी पुरवू शकेल ती ताकद. ती मागणीइतकी हवी, पण अधिक असली तर बिघडत नाही. यंत्र आपल्या तहानेपुरतेच पिते. म्हणून १२ व्होल्ट १ अँपिअरच्या राउटरला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर खुशाल चालतो. उलट केले तर बिचारा अॅडॉप्टर तापून धापा टाकू लागतो. शिवाय पिनेच्या आत धन आणि बाहेर ऋण, की उलट, हे दाखविणारे गोल चिन्ह असते, तेही जुळले पाहिजे. आणि काही जुने अॅडॉप्टर ए.सी.च बाहेर देतात. त्यांच्या आउटपुटपुढे नागमोडी रेघ असते, तर डी.सी.च्या पुढे सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ. ही लिपी आम्ही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकलो.

टाइप-सी चार्जरांनी हा घोळ पुष्कळ कमी केला आहे हे मान्य केले पाहिजे. तेथे आधी पाचच व्होल्ट येतात. मग यंत्र व चार्जर यांची लग्नाच्या बैठकीसारखी बोलणी होते आणि दोघांस मंजूर असेल तरच ९, १५ किंवा २० व्होल्टांचे ठरते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांना हेच तोंड सक्तीचे केले. परंतु गोल पिनेच्या जगात अशी बोलणी नाही. तेथे बटण दाबले की अक्षता पडल्या.

त्या तरुणाने आणखी एक गोष्ट दाखविली, आणि ती पाहून आम्ही जरा हादरलोच. बाजारातला एक अतिस्वस्त चार्जर त्याने उघडून ठेवला होता. भिंतीतले २३० व्होल्ट आणि आपल्या हातातला मोबाइल यांच्यामध्ये तारेचा संबंध नसतो; मधल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून शक्ती चुंबकत्वाने पलीकडे जाते, आणि दोन्ही बाजूंत पुरेसे अंतर व आवरण राखलेले असते. आपला जीव त्या अंतरावर असतो. स्वस्ताईची पहिली कात्री तेथेच चालते. बाहेरून हे कळत नाही. म्हणून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि त्याखालचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, व शंका आल्यास तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तपासावा. चिन्हही खोटे छापता येते, हे वेगळे सांगावयास नकोच. वजनाने फारच हलका, पिन सॉकेटात डगडगणारा, किंवा हात ठेववत नाही इतका तापणारा चार्जर आम्ही आता घरात ठेवत नाही. उशीखाली मोबाइल चार्जिंगला लावून झोपण्याची मुलांची सवय आम्ही मोडली. अल्लीपुरास भावालाही सांगितले की पत्र्याच्या खोलीत भर दुपारी मोबाइल चार्ज करू नये. लिथियमच्या बॅटरीस उष्णता मानवत नाही, आणि बॅटरी फुगून पाठ उचलू लागली तर तो मोबाइल तत्काळ बंद करून पुन्हा चार्जिंगला न लावणे हेच शहाणपण. भाऊ म्हणाला, "मग रात्री करू, तर लाइन असते का?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता डिस्कचे. तरुणाने भिंगाखाली तिची हिरवी पाटी धरली आणि तिळाएवढा एक काळा तुकडा दाखविला. दाब मर्यादेपलीकडे गेला की तो स्वतःवर झेलून पुढे जाऊ द्यावयाचा नाही, एवढ्यासाठीच हा डायोड तेथे बसविलेला असतो. "हा मेला, म्हनून बाकीचे वाचले," तो म्हणाला. त्याने तो मृत तुकडा काढला, योग्य १२ व्होल्टांचा अॅडॉप्टर लावला, आणि आत तबकडी फिरू लागल्याची घरघर ऐकू आली. आता या डिस्कला रक्षक नाही, तेव्हा आधी प्रती काढा, असे त्याने बजावले. त्याच्या दुकानातच दोन प्रती काढल्या. तिसरी पुतण्याने आपल्याजवळ ठेवली. आमच्यावर विश्वास नसावा.

रात्री अल्लीपुरास अंगणात सगळे बसले. आई ओवी म्हणत म्हणत थांबली, "पुढचं आठवत नाही बाबू" म्हणाली, आणि धाकट्या बहिणीने ती ओवी तिथूनच पुढे उचलली. ती बहिणीस येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

खणातल्या प्रत्येक अॅडॉप्टरवर आता पांढऱ्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत व्होल्ट लिहिले आहेत. लॅपटॉपची वीट ई-कचऱ्यात गेली. तो तिळाएवढा डायोड मात्र आम्ही कागदाच्या पुडीत बांधून आईच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला आहे. हे काय आहे म्हणून पत्नीने विचारले, तेव्हा आम्ही विषय बदलला.