दुसरा माणूस

आपल्या जागी येणारा बदली माणूस आपणच निवडावा, असा प्रसंग शाळामास्तरावर सहसा येत नाही. बदलीचे हुकूम वरून येतात. पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो माझ्यावर आला, आणि तोही मोटारसायकलच्या स्टँडच्या दुकानात!

आम्ही छावणीत राहतो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे आमच्या भागातल्या कित्येक घरांतली माणसे सकाळी नगर नाक्याकडे तोंड करून निघू लागली. आमचे चिरंजीव तिकडच्याच एका कारखान्यात लागले आणि त्यांनी हप्त्यांवर मोटारसायकल घेतली. रोजचे जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर. पाचएकशे किलोमीटर झाले की साखळीला तेल द्यायचे. म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी एक रविवार.

माझ्या वडिलांची चेतक स्कूटर होती. तिला साखळीची कटकटच नव्हती, आणि पायाने स्टँड दाबून मागे ओढली की ती दोन पायांवर ताठ उभी राही. हल्लीच्या पुष्कळ मोटारसायकलींना मधला स्टँडच नसतो. वजन वाचते म्हणतात, आणि वळणावर गाडी कलली तरी खाली काही घासत नाही. उरतो तो बाजूचा तिरपा स्टँड. मग मागचे चाक उचलायचे तर माणूस हवा. तो माणूस मी. गाडी त्या तिरप्या स्टँडवर आणखी कलवून मी धरायची, चाक दोन बोटे वर उचलले जायचे, आणि चिरंजीवांनी ते फिरवीत साखळीच्या आतल्या बाजूला तेल सोडायचे.

त्या वीस मिनिटांत आमचे जेवढे बोलणे होई, तेवढे एरवी तीन आठवड्यांत होत नसे. वयात आलेला मुलगा बापाशी समोरासमोर बोलत नाही; मध्ये मोटारसायकल असली तर बोलतो. फोरमन कसा आहे, रात्रपाळीला झोप कशी आवरावी लागते, हे सारे मला त्या गाडीच्या पलीकडून कळले.

एका रविवारी सांडलेल्या तेलावर माझा पाय सरकला आणि गाडी खाली आली. चिरंजीवांनी हात ओढून घेतला म्हणून बोटे वाचली. एक नख तेवढे काळे पडले. सौभाग्यवतींनी त्या नखाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "फराळाचं सामान नंतर आणा. आधी स्टँड आणा."

दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या. एकीला वर रबरी गाद्या. मागच्या चाकाला धरणाऱ्या दोन भुजांना ती खालून उचलते. गाडीला काही जोडावे लागत नाही, किंमतही कमी. दुसरीला बेचक्या. गाडीच्या भुजांना आटे पाडलेली भोके असली तर त्यांत रिळासारख्या दोन फिरक्या बसवायच्या आणि त्या बेचक्यांत अडकवायच्या. "भोकं सहाची, आठची, दहा मिलिमीटरची, गाडीगणिक वेगळी," तो म्हणाला. "बघून घ्या. रुंदी कमी-जास्त होते का तेही बघा. आणि दांडा लांब घ्या, जोर कमी लागतो."

मी रबरी गाद्यांची बाजू घेतली. स्वस्त आहे, कुठल्याही गाडीला चालेल, वगैरे.

"पण हा लावताना गाडी सरळ धरायला दुसरा माणूस लागतो, मास्तर," दुकानदार म्हणाला. "फिरक्यांचा एकट्याला जमतो." आणि दुकानातली एक गाडी त्याने एकट्याने उचलून दाखवली.

"माणूस आहे की घरात!" मी पटकन बोलून गेलो.

बोललो आणि माझे मलाच ऐकू आले. काटकसरीच्या नावाखाली मी माझी नोकरी वाचवत होतो. उद्या याला चाकणला जावे लागले, तर तिथल्या खोलीवर गाडी कोण धरील? चिरंजीव गप्पच होते. काळे नख अजून पुरते निघाले नव्हते.

"फिरक्यांचा द्या," मी म्हणालो.

घरी आलो. आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीला मोरीकडे उतार आहे, म्हणून गोटी ठेवून सपाट जागा शोधली. ते काम अजून माझ्याकडे होते. फिरक्या बसल्या. चिरंजीवांनी इंजिन बंद असल्याची खात्री केली, गाडी न्यूट्रलमध्ये घातली, एका हाताने सरळ धरली, दुसऱ्या हाताने बेचक्या अडकवल्या आणि दांडा खाली दाबला. चाक अलगद वर आले. मी चिवड्याची बशी घेऊन उंबऱ्यात उभा होतो. करण्यासारखे काही उरले नव्हते.

तेवढ्यात मान न वळवता ते म्हणाले, "बाबा, चाक फिरवता का? हळू हं."

एका हाताने फिरवून दुसऱ्याने तेल सोडता येते, हे दुकानात आम्ही दोघांनीही पाहिले होते. मी काही बोललो नाही. बशी खाली ठेवली, पाट ओढून बसलो आणि हळूहळू चाक फिरवू लागलो.

"तो आमचा फोरमन आहे ना..." चिरंजीवांनी सुरुवात केली.