एक पूर्ण मिनिट

पावसाळा ओसरताना पुण्यात डेंग्यू वाढतो आणि मेडिकल वॉर्डात प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘सिस्टर, प्लेटलेट किती?’ ‘श्वास किती?’ असं 27 वर्षांच्या नोकरीत मला कुणीही विचारलेलं नाही.

आम्ही सिस्टर तरी कुठे मोजतो? कुठलाही टीपीआर चार्ट बघा. ताप 98.4, 99, 100.2, नाडी 84, 96, 110, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीनं 20, 20, 20. तापाला थर्मामीटर आहे, बीपीला मशीन आहे. श्वासासाठी मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि चाळीस खाटांना दोघी असलो की पहिलं तेच मिनिट जातं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका नाइटला मीही एका आजोबांच्या चार्टवर असाच 20 लिहिला. लघवीच्या संसर्गासाठी ते दाखल होते. ताप नव्हता, हातपाय गार होते. त्यांची सून म्हणाली, ‘बाबांनी चहा नको म्हटलं. असं कधी होत नाही.’ मी म्हटलं, ‘ताप उतरलाय, झोपू द्या त्यांना.’ पहाटे बीपी लागेना. आयसीयूत हलवलं, तिसऱ्या दिवशी ते गेले. सुनेला जे दिसलं होतं तो सेप्सिस होता. म्हाताऱ्या माणसांना ताप येतोच असं नाही. आधी वागणं बदलतं.

सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू, असं आम्ही शिकलो होतो. 2016 ची व्याख्या वेगळं सांगते: संसर्गाशी लढताना शरीराचा तोल इतका जातो की स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. पेशींची उपासमार होते, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. ते आम्ल आवरायला शरीर जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, म्हणजेच श्वास वाढतो. पुष्कळदा हे बीपी पडण्याच्या आधी घडतं. धोका ओळखण्याच्या ‘न्यूज’ स्कोअरमध्ये 12 ते 20 श्वासांना शून्य गुण आहेत आणि 25 किंवा जास्त असतील तर 3. अंदाजानं लिहिलेला 20 हा स्कोअर आंधळा करून टाकतो.

विद्यार्थिनींना मी गडचिरोलीचं उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं, दहापुढे मोजता न येणाऱ्या सुईणींनाही बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून एक साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. पुढे 39 गावांत प्रशिक्षित बायांनी नवजात बाळांचा सेप्सिस घरीच ओळखला, इंजेक्शन दिलं. रडणं क्षीण झालं, दूध ओढेना, अंग सैल पडलं, ही त्यांची लक्षणं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानानं, 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या बायांकडे मॉनिटर नव्हता. त्या बघत होत्या, मोजत होत्या, आणि आई काय सांगते ते ऐकत होत्या.

ओळखल्यावर खरी कसोटी फोनची. रात्री तीनला रेसिडेंटला ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हटलं तर ‘बघतो’ एवढंच उत्तर येतं. ‘श्वास 28, बीपी 92, गुंगीत आहेत, चार तासांत लघवी 60 मिली’ म्हटलं की डॉक्टर धावत येतात. ते येईपर्यंत इंट्राकॅथ लावून कल्चरच्या बाटल्या तयार ठेवायच्या. रक्त आधी, अँटिबायोटिक नंतर. पण रक्तासाठी औषध अडवायचं नाही. शॉकमध्ये ते तासाभरात गेलंच पाहिजे.

तुमचं माणूस रुग्णालयात असेल आणि एकाएकी वेगळं वागू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, नेहमीचा चहा नको म्हणालं, तर संकोच करू नका. ड्युटीवरच्या सिस्टरला हाक मारा आणि म्हणा, ‘सिस्टर, यांचा श्वास एकदा पूर्ण मिनिट मोजता का?’